छळ थांबवायला मुलाची 'कबुली' लागत नाही

"आमच्या शाळेत असली मुलं नाहीत हो." समलिंगी विद्यार्थ्यांच्या छळाचा विषय काढला की बहुतेक मुख्याध्यापकांचं पहिलं वाक्य हे असतं. ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच तसं वाटत असतं. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात, धर्म, जन्मतारीख सगळं असतं, पण या गोष्टीचा रकाना नसतो. पालक सांगत नाहीत आणि मूल तर तोंडच उघडत नाही. पण एकदा पीटीच्या तासाला कबड्डीचे संघ निवडताना मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. शेवटी एक मुलगा उरतो. "सर, याला त्यांच्यात द्या ना, बायल्या आहे तो." सगळे हसतात. सरही ओठातल्या ओठात हसतात, शिट्टी वाजते, खेळ सुरू होतो. रजिस्टरमध्ये नसलेला रकाना वर्गाने परस्पर भरून टाकलेला असतो.

तो मुलगा समलिंगी आहे का, हे इथे कुणालाच माहीत नाही. वर्गाला नाही, सरांना नाही, बऱ्याचदा त्या मुलालाही अजून नाही. चाल, आवाज, हातवारे, क्रिकेटची नावड, मुलींशी मैत्री एवढ्यावर निकाल लागलेला असतो. म्हणजे छळ सुरू व्हायला खात्री लागत नाही. मग तो थांबवायला तरी का लागावी? ही एक गोष्ट शाळांच्या गळी उतरली तर पुढचं बरंच सोपं होतं. सध्या उलटं चालतं. तक्रार आली की चौकशी सुरू होते ती "पण तो तसा आहे का?" या प्रश्नाने.

चिडवणं कुठे संपतं, छळ कुठे सुरू होतो

मुलं एकमेकांना चिडवणारच. जाड्या, चष्मिस, ढापण्या, कुणाच्या आडनावाची मोडतोड, यातून कोण सुटलंय? मग फरक कसा ओळखायचा? शाळेतल्या छळाचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू करणाऱ्यांत डॅन ओल्वेयस हे नाव पहिलं येतं. त्यांच्याच कामाच्या आधारे नॉर्वेने १९८३ मध्ये देशभर शाळांमध्ये मोहीम काढली. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही वापरल्या जातात: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, आणि ज्याला त्रास होतो त्याला परतफेड करता येत नाही असं. दोन मित्र एकमेकांना शिव्या देतात तिथे तिसरी खूण नसते. अख्खा वर्ग एकाला रोज एकच शब्द ऐकवतो तिथे तिन्ही असतात.

ओळखीवरून होणाऱ्या छळात आणखी एक गाठ असते. जातीवरून अपमान झालेलं मूल घरी येऊन रडू शकतं, कारण घर त्याच जातीचं असतं. आईबापांनी, आजोबांनी तेच भोगलेलं असतं आणि त्यावर बोलायची भाषा घरात असते. त्यामुळे त्या अपमानाची धार कमी होते असं मुळीच नाही, पण मूल एकटं नसतं. गे मुलगा किंवा लेस्बियन मुलगी घरातही एकटीच असते. "आज काय झालं?" याचं खरं उत्तर द्यायचं तर आधी स्वतःबद्दल सांगावं लागेल, आणि ते ऐकून घरचे काय करतील याची भीती शाळेतल्या मुलांच्या भीतीपेक्षा मोठी असते. म्हणून तक्रार येत नाही. तक्रार येत नाही म्हणून शाळेला वाटतं, आमच्याकडे असलं काही नाही.

२०१९ मध्ये युनेस्कोने तमिळनाडूतल्या समलिंगी, ट्रान्सजेंडर आणि इतर लैंगिक अल्पसंख्य तरुणांच्या शालेय अनुभवांचा अभ्यास प्रसिद्ध केला. छळ झालेल्यांपैकी शाळेकडे तक्रार करणारे होते जेमतेम १८ टक्के. सुमारे ३३ टक्के म्हणजे तिघांतल्या एकाने छळापायी शाळाच सोडली होती. तक्रार करायची हिंमत केलेल्यांना मिळालेलं उत्तर तर वाचण्यासारखं आहे. जवळपास निम्म्यांना सांगण्यात आलं, दुर्लक्ष कर. आणखी बऱ्याच जणांना सांगण्यात आलं, तूच तुझं वागणं बदल.

मुलींचं प्रकरण वेगळं असतं आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही. मुलांचा छळ मैदानात, मुतारीत, व्हॅनमध्ये आरडाओरड्याने होतो. मुलींचा कुजबुजीने होतो. "त्या दोघींचं जरा जास्तच आहे" एवढं एक वाक्य स्टाफरूममधून निघतं आणि बाक बदलले जातात, तुकड्या बदलल्या जातात, वही-दप्तर तपासलं जातं, घरी फोन जातो. म्हणजे इथे त्रास देणारे पुष्कळदा वर्गमित्र नसतात, मोठी माणसं असतात, आणि ते त्याला शिस्त म्हणतात. मार्च २०१८ मध्ये कोलकात्यातल्या एका मुलींच्या शाळेने दहा विद्यार्थिनींकडून आपण समलिंगी असल्याची लेखी कबुली घेतल्याचा आरोप पालकांनी केला होता आणि देशभर त्याच्या बातम्या झाल्या होत्या. अशा कागदानंतर त्या मुलीचं घरी काय होत असेल? आपल्याकडे तर शाळा बंद करून स्थळं बघायला सुरुवात झाल्याची उदाहरणं या क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते नेहमी सांगतात.

"तू जरा मुलासारखं वागत जा"

हे वाक्य वाईट हेतूने म्हटलं जात नाही. बाईंना मुलाची काळजीच असते. पण त्याचा अर्थ मुलाला बरोबर कळतो: मारणारे पाचजण ठीक आहेत, दुरुस्ती माझ्यात करायची आहे. तो प्रयत्नही करतो. चाल बदलतो, आवाज जड काढतो, मैत्रिणी तोडतो, स्नेहसंमेलनातून नाव काढून घेतो. छळ थांबत नाही, कारण आता वर्गाला त्याची नक्कल करण्यातही मजा येते.

अमेरिकेत याच वाक्यावर एक खटला उभा राहिला होता. विस्कॉन्सिन राज्यातल्या अॅशलँड गावात जेमी नाबोझ्नी या विद्यार्थ्याने वर्षानुवर्षं मारहाण सोसली. तक्रार घेऊन गेल्यावर शाळेतल्या वरिष्ठांकडून त्याला साधारण हेच ऐकावं लागलं की उघडपणे गे असशील तर असं होणारच. १९९६ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने म्हटलं की मुलींच्या तक्रारीवर कारवाई करणारी शाळा गे मुलाच्या तक्रारीकडे डोळेझाक करू शकत नाही. त्यासाठी अधिकाऱ्यांना जबाबदार धरता येईल. पुढे ज्युरीने त्याच्या बाजूने कौल दिला आणि सुमारे नऊ लाख डॉलर्सवर तडजोड झाली. मुलांचं वागणं हा त्या खटल्याचा मुद्दाच नव्हता. मोठ्या माणसांनी हात झटकले, हा होता.

शाळांचा आणखी एक आवडता विधी आहे, समेटाचा. दोघांना केबिनमध्ये समोरासमोर उभं करायचं, "सॉरी म्हण, हात मिळवा" म्हणायचं आणि प्रकरण मिटलं असं समजायचं. बरोबरीच्या दोघांच्या भांडणात हे चालतं. छळात चालत नाही. ज्याने रोज मारलं त्याच्याशी हात मिळवायला लावणं म्हणजे त्याने तक्रार केली हे त्या टोळीला अधिकृतपणे कळवणं. बाहेर पडल्यावर जिन्यातच त्याचा हिशोब होतो. दोघांशी वेगवेगळं बोलायचं असतं, आणि त्रास झालेल्याशी आधी.

मग बाईंनी, सरांनी करायचं काय?

सगळ्यात आधी, ऐकू आलं की थांबायचं. 'बायल्या', 'छक्का', 'मामू' हे शब्द वर्गात कानावर पडले आणि शिक्षक फळ्याकडे वळले, तर वर्गाच्या हिशेबी परवानगी मिळाली. लांबलचक भाषण नको. "हा शब्द माझ्या वर्गात चालणार नाही. सुट्टीत मला येऊन भेट," एवढं पुरे. त्या क्षणी ज्याला चिडवलं त्याच्याकडे सगळ्यांच्या नजरा वळतील असं काहीही करू नये. "त्याला असं म्हणू नका, त्याला वाईट वाटतं" या वाक्याने त्याची उरलीसुरली लाज निघते. शब्द चुकीचा आहे. तो कुणाला लागू होतो की नाही ही चर्चाच नको.

मग नोंद. तारीख, जागा, कोण होतं, नेमके कोणते शब्द वापरले, आपण काय केलं. "वर्गात गैरवर्तन" अशी मोघम नोंद काही कामाची नाही. महिनाभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की चित्र दिसू लागतं: नेहमी तीच तीन-चार मुलं, तीच मधली सुट्टी, तोच मागचा जिना. छळाला जागा लागते, आणि ती जागा जिथे मोठं माणूस फिरकत नाही तिथेच असते. शाळेचा साधा नकाशा काढून मुलांना विचारा, नाव न लिहिता, इथे कुठे कुठे जायला भीती वाटते त्यावर फुली मारा. मुतारीवर ढीगभर फुल्या पडल्या तर सुट्टीत तिथे एक शिक्षक उभा करायला कुठल्या जीआरची वाट बघायची गरज नाही. आणि एक मात्र कटाक्षाने पाळायचं: त्या कागदावर 'तुम्ही कोण आहात' हा प्रश्न कधीही विचारायचा नाही.

मारणारा आणि मार खाणारा यांच्यापेक्षा महत्त्वाचा असतो बघणारा वर्ग. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात किवा नावाचा कार्यक्रम तयार झाला आणि २००९ पासून तो तिथल्या शाळांमध्ये पसरला; त्याचा सगळा भर बघ्यांवर आहे. दादागिरी करणाऱ्याला प्रेक्षक लागतात. हसणारे कमी झाले की खेळातली मजा जाते. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर मुलांचं चित्रीकरण करून पाहिलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निरीक्षणात दिसलं की बहुतेक वेळा इतर मुलं हजर असतात, मध्ये पडणारी फार थोडी. पण जेव्हा कुणी मध्ये पडतं तेव्हा निम्म्याहून जास्त, ५७ टक्के वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबतो.

मध्ये पडायचं म्हणजे मारामारी करायची नाही, हे मुलांना शिकवावं लागतं. सातवीच्या मुलाला "अन्यायाविरुद्ध उभा राहा" म्हटलं तर तो निबंध छान लिहील. त्याला जमेल असं काहीतरी द्या. घोळक्यात शिरून "चल रे, पाणी प्यायला जाऊ" म्हणत त्या मुलाला बाहेर काढणं. हसायचं नाही, एवढंच. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ आला तर पुढे न पाठवणं. वर्गात ज्याचं चालतं अशा दोघा-तिघांनी एवढं केलं तरी पारडं फिरतं. शिक्षकांना ती मुलं कोण ते बरोबर माहीत असतं. बहुधा मॉनिटर नसतात, क्रिकेट टीमचे कॅप्टन असतात.

शिक्षेबद्दल थोडक्यात: दाखला हातात देणं हा उपाय नव्हे. त्रास देणारं मूल शाळेतून गेलं तर क्लासमध्ये भेटतं, इन्स्टावर भेटतं. परिणाम भोगायला लावा, पालकांना बोलवा, पण पुढचे दोन-तीन महिने दर आठवड्याला त्रास झालेल्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, "आता कसं आहे?" हा पाठपुरावा शिक्षेपेक्षा जास्त काम करतो, आणि नेमका तोच राहून जातो.

मुलाने स्वतःच सांगितलं तर

एखाद्या दिवशी शाळा सुटल्यावर एक मुलगा घुटमळतो आणि म्हणतो, "सर, मला मुली नाही आवडत. मुलं आवडतात." पुढची दोन मिनिटं फार मोलाची असतात. "या वयात असं वाटतं, जाईल" म्हणू नका. "मोबाईल कमी कर" म्हणू नका. "डॉक्टरांना दाखवू" तर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, आणि भारतात २०२१ च्या मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा 'बरा करण्याचा' उपचार हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तरीही औषध देणारे, बाबाकडे नेणारे गावोगाव आहेत.

"मला सांगितलंस, बरं झालं. तुला कुणी त्रास देतंय का? घरी कुणाला माहीत आहे? कुणाला कळलेलं चालेल?" एवढंच विचारा, आणि उत्तरं ऐका. मग तोंड बंद ठेवा. स्टाफरूममध्ये चहाबरोबर नाही, वर्गशिक्षिकेला 'विश्वासात घेऊन' नाही, आणि मुलाच्या परवानगीशिवाय घरी तर मुळीच नाही. हा मुद्दा शिक्षकांना सगळ्यात जड जातो. पालकांपासून लपवायचं? पण घरी कळल्यावर मूल घराबाहेर काढलं जाईल की कोंडलं जाईल, हे आपल्याला ठाऊक नसतं. मुलाला ठाऊक असतं. छळाबद्दल पालकांशी बोलायचं असेल तर "वर्गातली काही मुलं त्याला त्रास देताहेत, आम्ही ते थांबवतोय" एवढं वाक्य संपूर्ण खरं आहे. कशावरून, हे त्यात यायची गरज नाही.

गुपिताला दोन अपवाद आहेत, आणि ते मुलाला सुरुवातीलाच सांगून ठेवावेत. एक, मूल स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलत असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि मदत मागवायची; टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मुलांसाठी १०९८ आहे. दोन, लैंगिक अत्याचार झाला असेल तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. इथे मराठी शाळांत एक मोठा गैरसमज आहे. मुलाची पँट ओढली, नको तिथे हात लावला, तर "मुलांमुलांतली मस्ती" म्हणून सोडून देतात. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलांना आणि मुलींना सारखाच लागू आहे. मात्र "मला मुलं आवडतात" एवढं सांगणं हा कुठलाच गुन्हा नाही, त्यात कळवण्यासारखं काही नाही.

'पण आमचे संस्कार...'

ही हरकत येणारच, आणि ती टिंगलीने उडवून लावू नये. इंग्लंडचं उदाहरण इथे कामाचं आहे. तिथे १९८८ मध्ये 'कलम २८' आलं. स्थानिक प्रशासनाने समलैंगिकतेचा 'प्रचार' करू नये असं त्यात होतं. शिक्षकांनी त्याचा अर्थ असा घेतला की शिवी ऐकू आली तरी बोलायचं नाही, उगाच नोकरीवर यायचं. इंग्लंड आणि वेल्समधून ते कलम जायला २००३ उजाडलं. त्यानंतर स्टोनवॉल या संस्थेच्या पाहण्यांत छळ झाल्याचं सांगणाऱ्या समलिंगी आणि उभयलिंगी विद्यार्थ्यांचं प्रमाण २००७ मधल्या ६५ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ४५ टक्क्यांवर आलेलं दिसतं. ४५ हा काही अभिमानाने मिरवायचा आकडा नाही. पण शिक्षकांची तोंडं मोकळी झाल्यावर फरक पडतो एवढं त्यातून दिसतं. समलिंगी विवाहाला चर्च ऑफ इंग्लंडचा विरोध होता. त्याच चर्चने २०१४ मध्ये आपल्या शाळांसाठी असा छळ रोखण्याची मार्गदर्शिका काढली. श्रद्धा काय ठेवायची ती ठेवा, आमच्या आवारात मुलाला मारहाण होणार नाही, एवढं तिचं म्हणणं होतं. संस्कारवाल्या शाळेला एवढं मान्य करायला अडचण नसावी.

आपल्याकडे मागे पाऊल पडल्याचंही दिसलं आहे. २०२१ मध्ये एनसीईआरटीने ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका संकेतस्थळावर टाकली आणि हरकती येताच काही दिवसांत उतरवली.

कायदा काय म्हणतो

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळांच्या कामाचा आदेश मात्र २५ जुलै २०२५ चा आहे. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचं वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. जात, वर्ग, लिंग, अपंगत्व, धर्म यांच्या जोडीला लैंगिक कलावरून होणाऱ्या छळाचीही तक्रार गुप्तपणे करता यावी अशी व्यवस्था हवी. संसद कायदा करेपर्यंत हे बंधनकारक आहे. किती शाळांनी हे वाचलंय कुणास ठाऊक.

दुसरा कायदा घरचाच आहे आणि जुना आहे: १९९९ चा महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम. तो कॉलेजपुरता आहे असं सगळे धरून चालतात. पण त्याच्या व्याख्येत शिक्षण देणारी कोणतीही संस्था येते, वसतिगृह आणि शिकवणी वर्गसुद्धा. रॅगिंगच्या व्याख्येत भीती, लाज किंवा शरम वाटेल असं वर्तन आणि चिडवणंही येतं. विद्यार्थी, पालक किंवा एखाद्या शिक्षकाने लेखी तक्रार केली तर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. ती केली नाही, तर गुन्ह्याला त्यानेच साथ दिली असं धरलं जातं.

म्हणून तक्रार तोंडी करू नये. साधा अर्ज पुरतो: मुख्याध्यापकांच्या नावे, तारीखवार काय घडलं, कुठे, कोणते शब्द, कोण होतं, यापूर्वी कुणाला सांगितलं होतं. मूल समलिंगी आहे किंवा नाही, यातलं काहीही लिहू नये. त्या वाक्याची अर्जाला गरज नाही आणि तो कागद किती हातांतून फिरेल याचा नेम नाही. दोन प्रती काढा, ऑफिसात आवक क्रमांक टाकून घ्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि सही घ्या. क्लार्कने "ठेवून जा, सर आले की देतो" म्हटलं तर सर येईपर्यंत तिथल्या बाकावर बसा. आठव्या दिवसापर्यंत हालचाल झाली नाही तर तीच प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच विचारतात: शाळेला दिलेल्या अर्जाची पोच आहे का?